शेवटची चौकट आधी

सकाळी सहाला, पेपर अजून दमट,
पांडबा काशीद मिशांच्या कात्रीनं
हवालदार ढोण्यांना अलगद कापून काढायचा.
मागच्या बाजूला कुणाचं निधन, कुणाची निविदा,
तेही जायचं अर्धंमुर्धं.
गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचा,
"मेलेला माणूस पळतोय व्हय? उद्याबी मेलेलाच असतोय."

मिरजकर तिकटीच्या अलीकडं दोन खुर्च्यांचं सलून,
त्यातली एक कायम मोडकी.
आमच्या घरी पेपर येत नव्हता.
वडील मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलायचे;
छापील अक्षर घरात यायचं ते
डाळीच्या पुडीला गुंडाळून.
म्हणून मी केस वाढायची वाट बघायचो.

पट्टी चिकटायची खुर्चीमागच्या भिंतीला,
कणकेच्या खळीनं,
कालच्या ढोण्यांवर आजचे ढोणे.
गळ्याला फडकं, डोक्यावर पांडबाचा पंजा,
मान हलवायची नाही असा दम.
तेव्हा दिसायची ती फक्त समोरच्या आरशात,
उलटी.

आधी शेवटची चौकट:
ढोणे गटारात, टोपी शेळीच्या तोंडात.
मग मधली: ढोणे पळताहेत.
मग पहिली: ढोणे चौकीच्या दारात,
मिशीला पीळ, टोपी जागेवर,
शेळी लांब, ठिपक्याएवढी.
दुकान खो खो हसायचं.
मला मात्र सुटल्यासारखं वाटायचं,
बरं झालं, आजही गटारातनं उठून
पळत पळत
पोचला बिचारा आपल्या टोपीपाशी.

अक्षरंही उलटीच.
काना अक्षराच्या आधी, पहिली वेलांटी नंतर.
"थांब गं" एवढं कळायला
तीन वेळा केस कापून घ्यावे लागले.

सतराव्या वर्षी लक्ष्मीपुरीतल्या छापखान्यात गेलो.
तेरदाळकर मालकांनी जुळवलेले खिळे पुढं सारले,
म्हणाले, वाच.
चि. सौ. कां. पासून
कृपया आहेर आणू नये पर्यंत
वाचलं घडाघडा.
"कुणाकडं शिकलास रे?"
तोंडातनं निघून गेलं, हवालदारांकडं.
आठवडाभर ते माझ्याशी जपूनच बोलले.

पट्टी बंद झाली ते मला उशिरा कळलं.
एका मंगळवारी त्या जागी शेअरचे भाव होते.
पांडबा कात्री उघडून बसला होता म्हणे,
पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत.
नंतर पेपर घ्यायचा, पण घडी मोडायचा नाही.

परवा त्याच्या नातवाचा, प्रज्योतचा फोन.
"काका, फरशा बसवतोय. भिंत तासताना
अख्खी ढलपी निघालीय कागदाची. टाकू, का पाहिजे?"

बोटभर जाड.
बारा वर्षांचे ढोणे पाठीला पोट लावून,
शिळ्या भाकरीसारखे कडक.
शालन म्हणते पाण्यात घाला, सुटे होतील.
घालवत नाही.
आतले आत राहू देत, त्यांना सवय आहे.

वरची तेवढी वाचता येते, शेवटची.
चष्मा लावून सरळ वाचली, आयुष्यात पहिल्यांदाच:
ढोणे रिटायर, गळ्यात हार, डोक्यावर टोपी.
मग टोपी हातात.
मग वाकून ती स्वतःच शेळीपुढं धरलेली.
चांगली होती. काढणाऱ्याला कुठं थांबायचं ते कळत होतं.
मी ती घडवंचीवर ठेवली, दाढीला बसलो,
अर्धा गाल झाला आणि राहवेना.

फेस तसाच. ढलपी खांद्यामागं धरली,
आरशात बघितलं.

शेळीनं टोपी पुढं केली.
ढोण्यांनी वाकून घेतली, झटकली असावी,
डोक्यावर चढवली.
आणि उभे राहिले, गळ्यात हार,
ड्यूटीवर हजर होणाऱ्या माणसासारखे.

हात भरून आला.
मान हलवली नाही मी.